लादीखालची अक्षरं

आत्या पडली ती मधल्या खोलीत, भर दुपारी, कोरड्या जमिनीवर. सांडलेलं पाणी नव्हतं की पायात काही अडकलं नव्हतं. ब्याऐंशी वर्षांची बाई स्वतःच्या घरात, जिथून ती साठ वर्षं चालत आली, त्याच वाटेवर घसरली. मनगटावर निभावलं. पण आतेभावाने बंगळुरूहून फोन करून निकाल दिला : "ताई, ती जमीन आता काढायची. वरून व्हिट्रिफाइडच्या लाद्या टाकतो. दोन दिवसांचं काम."

आत्या म्हणाली, "लाद्या वाईट नाहीत. त्यांच्यावर जे थापलंय ते वाईट आहे."

खरं होतं ते. मंगळुरातल्या त्या जुन्या घराच्या जमिनीवर थरांवर थर होते. सगळ्यात वर चकचकीत वार्निश. ते आतेभावाच्या लग्नाच्या वेळी मारलेलं. त्याखाली वर्षानुवर्षं चोळलेलं मेणाचं पॉलिश. त्याखाली तांबडा ऑइलपेंट, निदान दोन हात. आणि या सगळ्याच्या खाली भाजक्या मातीच्या चौकोनी लाद्या, ज्या मी लहानपणापासून पाहत आले आणि ज्या मी प्रत्यक्षात कधीच पाहिल्या नव्हत्या. आम्ही कोकणातून मे महिन्यात आत्याकडे जायचो, तेव्हा त्या तांबड्या जमिनीवर पोट टेकून झोपायचो. तो गारवा रंगाचा नव्हता, मातीचा होता, हे आता कळतं.

मी नुकतीच निवृत्त झाले होते. तीन आठवडे मागून घेतले. रंग निघाला आणि जमीन चालण्याजोगी झाली तर लाद्या राहतील, नाहीतर आतेभाऊ म्हणेल ते, असा करार ठरला. तीन आठवड्यांचे पाच झाले.

काम सुरू करण्यापूर्वी एक लादी काढून पाहावी लागली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी एक हलत होती. मिस्त्रींनी पटाशीने ती अलगद उचलली. खाली चुन्याचा थर, त्यात वाळू आणि शिंपल्यांचे बारीक तुकडे. लादी उलटी केली, ओल्या फडक्याने पुसली, आणि पाठीवर उठावाची रोमन अक्षरं दिसली : बासेल मिशन, टाइल वर्क्स. मिस्त्री तुळूत काहीतरी म्हणाले. आत्याने सांगितलं, "ते म्हणतायत, ही पहिल्या महायुद्धाच्या आधीची."

एका लादीच्या पाठीवरून एवढं कसं सांगता येतं, ते समजून घ्यायला या अक्षरांचा इतिहास पाहायला हवा.

स्वित्झर्लंडमधल्या ऱ्हाइनकाठच्या बासेल शहरात १८१५ मध्ये ही मिशन संस्था स्थापन झाली. तिचे बरेचसे लोक दक्षिण जर्मनीतले, विशेषतः व्युर्टेम्बेर्गचे होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३३ च्या सनदेने ब्रिटिशेतर मिशनऱ्यांनाही दार उघडलं आणि १८३४ मध्ये तिघे जण मलबारच्या किनाऱ्यावर उतरून मंगळुराला आले. पुढची सगळी गोष्ट त्या किनाऱ्याची आहे : मंगळूर, मालपे, कोळिकोड, पालक्काड.

त्यांच्यापुढचा पहिला व्यावहारिक प्रश्न धर्माचा नव्हता, पोटाचा होता. जो बाप्तिस्मा घेई तो जातीबाहेर पडे, आणि जातीबाहेर पडणं म्हणजे नुसतं पंक्तीतून उठणं नव्हे. ताडी काढणाऱ्या बिल्लवाची माडांची झाडं जात, कुळाची जमीन जाई, घर जाई. नव्या मंडळीला खायला कोण घालणार? मिशनने शेती करून पाहिली, घड्याळं बनवण्याचा उद्योग काढून पाहिला, तो बुडाला. विणकाम टिकलं. छापखाना टिकला. आणि मग आली माती.

छापखाना आणि कौलं यांचं नातं मला या कामातच उमगलं. मंगळुरात बासेल मिशनचा शिळाप्रेस १८४१ मध्ये सुरू झाला. १८४३ मध्ये हर्मन म्योग्लिंगने 'मंगळूर समाचार' काढला; कन्नडमधलं हे पहिलं वृत्तपत्र. गुंडर्टचा मल्याळम कोश १८७२ मध्ये आणि किट्टेलचा कन्नड कोश १८९४ मध्ये याच छापखान्यातून बाहेर पडले. या छापखान्याच्या कामासाठी आलेला एक यंत्रकुशल माणूस होता, गेओर्ग प्लेब्स्ट. अक्षरांचे खिळे आणि दाबयंत्रं ही त्याची दुनिया. त्याने नेत्रावती आणि गुरुपूर या दोन नद्यांच्या काठची माती हातात घेतली, तिचे प्रयोग केले आणि १८६५ मध्ये मंगळुरातल्या जेप्पू इथे कौलांचा कारखाना सुरू झाला.

खिळा काय आणि कौलाचा साचा काय, दोन्हींत अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते सुलटं उमटतं. कागदावर दाब पडला की कोश होतो, ओल्या मातीवर दाब पडला की कौल. आत्याच्या उंबऱ्यापाशी उचललेल्या लादीवरची अक्षरं छापील पुस्तकातल्यासारखी सरळ आणि सारख्या अंतरावर होती. ती पाहताना हे नातं ओढूनताणून आणावं लागत नाही.

कौलाचा मूळ नमुना युरोपातला. आल्सासमधल्या आल्टकिर्खच्या झिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणारं सपाट कौल शोधून काढलं होतं. कुंभाराच्या चाकावरची नळ्याची कौलं एकावर एक रचावी लागतात, दर पावसाळ्यापूर्वी घर शाकारावं लागतं, माकड उडी मारून गेलं की निम्मी फुटतात. या नव्या कौलाला खाचा होत्या, त्याने पाणी अडे, वजन कमी लागे, आणि वादळात ते जागचं हलत नसे. गवताच्या आणि झावळ्यांच्या छपरांना लागणाऱ्या आगीची भीतीही गेली. कारखाना सुरू झाला तो बैलांच्या घाण्यावर माती मळून. पुढे वाफेची यंत्रं आली. होड्यांतून माती थेट नदीकाठच्या कारखान्यात उतरे, आणि तयार माल तिथूनच बंदरात जाई. मातीत लोह असल्यामुळे भट्टीच्या उघड्या हवेत ती भाजली की तांबडी होते. तो तांबडेपणा आतपर्यंत असतो, रंगासारखा वरवरचा नसतो.

मिशनची स्वतःची व्यापारी कंपनी १८५९ पासूनच होती. कौलांच्या कारखान्यांची संख्या पहिल्या महायुद्धापर्यंत सातवर गेली : जेप्पू, कुद्रोळी, मालपे, कोळिकोड, फरोक, कोडक्कल, पालक्काड. छपराच्या कौलांबरोबर कोन्याची कौलं, हवेच्या जाळ्या, सांडपाण्याचे नळ आणि जमिनीच्या लाद्याही तिथे होत. इतरांनीही कारखाने काढले. मंगळुरी ख्रिस्ती असलेल्या आल्बुकर्कांचा कारखाना १८६८ चा. 'मंगळुरी कौल' हा शब्द मराठीत आला तो असा, गलबतांमधून. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांवर ही कौलं आहेत. माझ्या आजोळच्या माळ्यावर चढलं की कौलांच्या पोटावर ती अक्षरं दिसायची. मला इंग्रजी वाचता येऊ लागलं तेव्हा मी पहिल्यांदा वाचलेल्या शब्दांत 'मंगलोर' होता.

मराठीत 'कौल' म्हणजे छपराचं कौल, आणि 'कौल' म्हणजे दिलेला शब्द, देवाने दिलेला निर्णयसुद्धा. दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले : एक संस्कृत 'कपाला'कडून, एक अरबीतून. कन्नडमध्ये हंचु, तुळूत ओडु. आत्याच्या घरात कऱ्हाडी बोलतात, बाजारात तुळू, कचेरीत कन्नड, माझ्याशी मराठी. एकाच वस्तूला एकाच घरात तीन नावं, आणि ती वस्तू जर्मन माणसाने फ्रेंच नमुन्यावरून तुळू मातीची केलेली.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झालं. मिशनमधले जर्मन शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, नजरकैदेत गेले, पुढे परत पाठवले गेले. कारखाने सरकारच्या ताब्यात आले आणि १९१९ मध्ये त्यांच्यासाठी लंडनमध्ये कॉमनवेल्थ ट्रस्ट उभा राहिला. पुढच्या मालावर त्याचं नाव आलं. मिस्त्रींनी लादीच्या पाठीवरून काळ सांगितला तो याच कारणाने.

आता माझ्या चुकीचं सांगते, कारण ही चूक पुष्कळ लोक करतात.

पहिल्या दिवशी मला घाई होती. हार्डवेअरच्या दुकानात मी विचारलं, फरशी साफ करायला काय आहे? दुकानदाराने न्हाणीघरासाठी विकतात ते ॲसिड दिलं. मी स्वयंपाकघराच्या दारापाशी ते पाण्यात मिसळून ओतलं. रंगावर काहीच परिणाम झाला नाही. ऑइलपेंट ॲसिडने निघत नाही. पण सांध्यांमधला चुना फसफसून वर आला आणि जिथे रंग आधीच उडालेला होता तिथे लाद्यांनी ते सगळं पिऊन टाकलं. भाजकी माती तहानलेली असते. चार दिवसांनी अकरा लाद्यांवर पांढरी पावडर फुलली. भिंतींना धरतो तो लोणा, तोच जमिनीला धरला. मी तो पाण्याने धुतला. तो विरघळून परत आत गेला आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट फुलला. शेवटी बोट फिरवलं तर बोटाला तांबडी भुकटी लागली. भट्टीतून निघताना लादीच्या अंगावर एक घट्ट साय धरलेली असते. लादीचं सगळं बळ त्या सायीत. अकरा लाद्यांची साय मी घालवली होती. ती परत येत नाही.

आत्याने बघितलं. म्हणाली, "अगं, माणसाचं तोंडसुद्धा आपण ॲसिडने धूत नाही."

त्यानंतर मिस्त्रींचं ऐकलं. पहिला नियम, घासकागद आणि पॉलिशचं यंत्र बंद. एक म्हणजे ती साय जाते, दुसरं म्हणजे जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ छातीत जाते. दुसरा नियम, कोपऱ्यातल्या एका लादीवर करून पाहायचं, आठवडाभर थांबायचं, मग पुढे. तिसरा, एका वेळी फक्त एक हात औरसचौरस जागा. रंग काढायची जेली जाड थापायची, वर प्लॅस्टिक पसरायचं म्हणजे ती वाळत नाही, खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या. रंगाला सुरकुत्या पडल्या की लाकडी पट्टीने तो ओढून घ्यायचा. लोखंडी खरवडणी ओरखडे काढते. मग काथ्याचा ब्रश आणि साध्या साबणाचं अगदी थोडं पाणी, लगेच फडक्याने टिपून घ्यायचं. तारेचा काथ्या वापरायचा नाही, त्याचे कण अडकतात आणि गंजाचे ठिपके उठतात. मग वाट बघायची. मंगळुरच्या दमट हवेत लादी वाळायला दिवस नाही, आठवडे लागतात. मधे लोणा आला तर कोरड्या ब्रशने झाडायचा, पाणी लावायचं नाही. तो दर वेळी कमी होत जातो.

दिवसाला बारा-चौदा लाद्या होत. आत्या झोपाळ्यावर बसून बघे. रंगाखालून तांबूस, नारिंगी, कुठे जवळजवळ वांग्याच्या रंगाच्या लाद्या वर येत. भट्टीत जी आचेच्या जवळ ती काळसर. एकीसारखी दुसरी नव्हती. तांबड्या रंगाने त्या सगळ्या एकसारख्या करून टाकल्या होत्या.

अकराव्या की बाराव्या दिवशी मी सहज विचारलं, "आत्या, स्वयंपाकघरात आणि देवघरात लाद्या का नाहीत? तिथे नुसतं सिमेंट का?"

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पूर्वी तिथे शेणाने सारवलेली जमीन होती. सिमेंट मी आल्यावर झालं. लाद्या बाहेरच्या तीन खोल्यांतच घातल्या, कारण त्या कुणी केल्या हे सगळ्यांना ठाऊक होतं."

तिच्या सासूबाईंनी तिला सांगितलेलं असं : घरातल्या कर्त्या पुरुषाला नवी जमीन हवी होती, सरकारी बंगल्यांत असते तशी. बायकांचं म्हणणं, बाटलेल्यांच्या हातची माती सोवळ्यात चालणार नाही. छपरावर असली तर असली, तिला पाय लागत नाही, आणि वरून पाऊस तिला धुतो. तडजोड झाली. जिथे पाहुणे बसतात, जिथे कुळं येतात, जिथे चपला काढतात, तिथपर्यंत मिशनच्या लाद्या. उंबऱ्याच्या आत शेण. मी ज्या उंबऱ्यापाशी पहिली लादी उचलली, तो नुसता लाकडाचा तुकडा नव्हता.

"आणि रंग?" मी विचारलं.

"रंग माझ्या सासूबाईंनी दिला. म्हणायच्या, छान दिसतं, धूळ दिसत नाही." ती थांबली. "दुसरं काही असेल तर त्या मला बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही."

या कारखान्यांबद्दल गोड लिहिणं सोपं आहे. जातीने ज्यांना टाकलं त्यांना तिथे रोजगार मिळाला, मजुरी पैशांत मिळाली, शाळा मिळाली. हे खरं आहे. जातीतून सुटलेल्या माणसाला घंटेची वेळ, प्रार्थना, मुकादम आणि मिशनची शिस्त यांत यावं लागलं. हेही खरं आहे. मिशनच्या आतही वाद होता की, आत्म्यांच्या उद्धारासाठी आलेल्यांनी नफ्याचे हिशेब ठेवावेत का. कामगारांत बायका पुष्कळ होत्या. ओल्या लाद्या उचलणं, कडा कापणं, रचणं, ही त्यांची कामं. त्यांनी केलेल्या लाद्या साहेबाच्या बंगल्यात, दिवाणखान्यात, श्रीलंकेत आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेल्या. आमच्या देवघरात गेल्या नाहीत.

चौथ्या आठवड्यात, खिडकीखालच्या लादीवरून रंग ओढला तेव्हा कडेला एक खळगा दिसला. डाग असेल म्हणून मी ब्रश फिरवला. तो अंगठा होता. ओली लादी कुणीतरी कडेला धरून उचलली होती आणि अंगठ्याच्या रेषा भाजून पक्क्या झाल्या होत्या. माझा अंगठा त्यात ठेवला तर माझा मोठा झाला. मुलगी होती, लहान हाताची बाई होती की पोऱ्या, सांगता येत नाही. पाठीवर कंपनीचं नाव साच्याने उमटवलेलं, आणि पोटावर हे, चुकून राहिलेलं.

मी आत्याला हाक मारली. ती काठी टेकत आली. वाकता येत नाही म्हणून मी मोबाइलवर फोटो काढून मोठा करून दाखवला. तिने चष्मा वर-खाली केला. "रांगोळीसारख्या रेषा आहेत," म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "साठ वर्षं मी यावरून चालले."

शेवटचा आठवडा तेलाचा. मंगळुरात कुणीही खोबरेल सुचवतं, पण खोबरेल वाळत नाही. ते चिकट राहतं आणि धूळ धरतं. जवसाचं उकळलेलं तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात, ते हवेत सुकून मातीच्या आत घट्ट होतं. टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने एक हात द्यायचा, अर्ध्या तासाने लादीने न प्यालेलं सगळं पुसून घ्यायचं, दोन दिवसांनी दुसरा हात. वरती थर राहू द्यायचा नाही. थर राहिला की पुन्हा तीच घसरण. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. आम्ही ती पाण्यात बुडवून मग उन्हात एकेक पसरून वाळवली.

माझ्या अकरा लाद्यांना तेलानेही फार फरक पडला नाही. त्या बाकीच्यांपेक्षा फिक्या आहेत आणि झाडू मारला की थोडी भुकटी निघते. मिस्त्रींनी बदली लाद्या शोधल्या. पण मंगळुरातले बहुतेक कारखाने आता बंद आहेत. माती मिळत नाही, काँक्रीटच्या स्लॅबला कौल लागत नाही. पाडलेल्या घरांचा माल विकणाऱ्या एकाकडे लाद्या होत्या, पण त्या कॉमनवेल्थच्या, आणि जाडीला कमी. आत्या म्हणाली, राहू देत. उंबऱ्याजवळची जागा आहे, तिथे कुणी धावत नाही.

आतेभाऊ पाहायला आला. त्याने बूट काढले, मोजे काढले, मधल्या खोलीत दोनदा चालला, टाच दाबून पाहिली. "सरकत नाही," म्हणाला. मग खिडकीखाली गुडघ्यांवर बसून त्याने तो अंगठा पाहिला आणि बराच वेळ उठला नाही. व्हिट्रिफाइडचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आत्या देवापुढे दिवा लावत होती. देवघरातलं सिमेंट एका कोपऱ्यात फुटलंय. अडगळीत काढून ठेवलेल्या तीन सुट्या लाद्या आहेत, त्या तिथे नेमक्या बसतील, हे मी मनातल्या मनात मोजून पाहिलं होतं. तिनेही पाहिलं असणार. तिची नजर त्या कोपऱ्याकडे गेली आणि माझ्याकडे वळली. मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही. तिने वात सारखी केली, आणि उठायला हात पुढे केला.